बाबा कॅथलिक होणार म्हणतात (इंदूर)

नर्मदाजल | 19 सप्टेंबर 2024, रात्री 11:42

परवा अनंत चतुर्दशी झाली. विसर्जन आटोपून आम्ही झांक्या, म्हणजे चित्ररथांची मिरवणूक, बघायला निघणार होतो. बाबा पाटावरचे तांदूळ डब्यात भरत होते. भरता भरताच म्हणाले, "पुढच्या वर्षी गणपती तुझ्याकडे बसव." मला वाटलं गुडघे. म्हटलं, मी येऊन सगळं करते, तुम्ही नुसतं बसून सांगा. तर म्हणाले, "गुडघ्यांचं नाही गं. मी ईस्टरला बाप्तिस्मा घेणार आहे."

झांक्या राहिल्या.

बाबा 67 वर्षांचे, बँकेतून निवृत्त. आई जाऊन चार वर्षं झाली. आम्ही देशस्थ, पणजोबा होळकरांकडे कारकून होते तेव्हापासून रामबागेत. घरात कर्मठ कुणी नव्हतं, पण देवघर आहे, श्राद्धपक्ष आहे, सगळं आहे. बाबा दर रविवारी सकाळी "फिरून येतो" म्हणून जायचे आणि येताना पोहे-जलेबी आणायचे. दीड वर्ष मी ते पोहे खाल्ले. ते चर्चमधून येत होते हे परवा कळलं.

रडू आलं नाही, राग आला असंही म्हणता येणार नाही. डोक्यात नुसता कालवा आहे. कुणी फूस लावली का? पाण्याचे चार थेंब टाकले की झालं, असं असतं का? उद्या मन बदललं तर? मध्य प्रदेशात कायदा आहे म्हणतात, त्यात बाबा अडकतील का? जानव्याचं काय? आणि कालपासून पितृपक्ष लागलाय, पुढच्या आठवड्यात आईची अविधवा नवमी आहे, ती कोण करणार?

इथे कॅथलिक मंडळी आहेत हे माहीत आहे. भांडायला नाही विचारत, नीट सांगा.

राजवाडा_चौक | 19 सप्टेंबर, 11:58

पोह्यांपाशी येऊन अडकलो. कोणाकडचे आणायचे काका? बाकी स्वतःहून सांगून राहिलेत म्हणजे लपवाछपवी नाही. सबर कर ताई.

पापडीचा_पाटील | 20 सप्टेंबर, सकाळी 7:15

ताई, मी वसईचा. आमचं घराणं पोर्तुगिजांच्या काळापासून कॅथलिक. त्यामुळे मला कुणी काही विचारलंच नाही, महिन्याचा असताना डोक्यावर पाणी घातलं नि मी ख्रिस्ती झालो. तुमच्या बाबांना मात्र विचारणार. पुन्हा पुन्हा विचारणार. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, बारा वर्षं मी मोठ्या वयात येणाऱ्यांना शिकवतो, त्या अनुभवावर लिहितो.

चार थेंबांत काम होतं ते फक्त मरणाच्या दारात असलेल्याचं. एरवी प्रौढाला दीक्षार्थी, म्हणजे बाप्तिस्म्याची तयारी करणारा, व्हावं लागतं. पहिल्या शतकांत ही तयारी दोन-दोन, तीन-तीन वर्षं चाले. संत ऑगस्टीनसारखा माणूस मिलानमध्ये 387 सालच्या ईस्टरला बाप्तिस्मा घेता झाला, तोही असाच नाव नोंदवून, रांगेत उभा राहून. पुढे सगळीकडे तान्ह्या बाळांचेच बाप्तिस्मे होऊ लागले आणि ती रीत मागे पडली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, ती परत आणायला सांगितलं, आणि 6 जानेवारी 1972 रोजी रोमने प्रौढांसाठीचा विधी नव्याने काढला. इंग्रजीत त्याला आरसीआयए म्हणत आलेत. आमच्याकडे लोक नुसतं "क्लास" म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. क्लासला परीक्षा असते आणि पास झालात की तुमचा हक्क तयार होतो. इथे हक्क असा कधीच तयार होत नाही.

आधी नुसतं येणं, बसणं, प्रश्न विचारणं. याला मुदत नाही. मग एका रविवारी मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, सुरुवातीला फादर त्याला दाराशी उभं करून विचारतात, देवाच्या चर्चकडून तुला काय हवं? तो म्हणतो, विश्वास. विश्वासाने तुला काय मिळतं? अनंत जीवन. मग कपाळावर, कानांवर, डोळ्यांवर क्रूसाची खूण करतात. तिथून तो दीक्षार्थी. बाप्तिस्मा अजून लांब असतो, तरी त्या दिवसापासून चर्च त्याला घरचा धरतं. मधेच वारला तर ख्रिस्ती अंत्यविधी मिळतो. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे ज्याला तुमच्याकडे हिंदीत चालीसा म्हणतात त्याच्या सुरुवातीला, बिशपांसमोर नाव लिहायचं. त्याच चाळीस दिवसांत तीन रविवारी तपासणीचे विधी. आणि ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण (कपाळावर तेल लावून विश्वास पक्का करणं), पहिलं कम्युनियन (म्हणजे परमप्रसाद), तिन्ही एका बैठकीत. आम्हां जन्माच्या कॅथलिकांना या तिन्हींसाठी शाळा संपायची वेळ येते.

फूस म्हणाल तर चर्चच्या कायद्याचं कलम 748 साफ सांगतं, कुणालाही त्याच्या विवेकाविरुद्ध हा विश्वास स्वीकारायला लावायचं नाही. कलम 865 म्हणतं, प्रौढाने स्वतः इच्छा सांगितलेली हवी, त्याला पुरेसं शिकवलेलं हवं आणि त्याची पारख झालेली हवी. कागदावर आहे ते सगळीकडे पाळलं जातं असा दावा मी करणार नाही. तुम्ही बाबांना एकच विचारा, फादरनी तुम्हांला किती वेळा परत पाठवलं? पहिल्याच भेटीत "या" म्हणणारा फादर असेल तर काळजी मलाही वाटेल.

जानव्याची गंमत सांगतो. सतराव्या शतकात मदुरेला रॉबेर्तो दे नोबिली नावाच्या जेझुइट संघाच्या पाद्र्याने नवख्रिस्ती ब्राह्मणांना जानवं, शेंडी, गंध ठेवू दिलं. गोव्यातल्या पाद्र्यांनी आरडाओरडा केला, प्रकरण रोमला गेलं आणि 1623 साली पोप पंधराव्या ग्रेगरीने परवानगी दिली. पुढे त्यावर बरीच वादावादी झाली ती सोडा. आज कुणी तुमच्या बाबांच्या सदऱ्यात डोकावणार नाही. नावही बदलावं लागत नाही, ख्रिस्ती भावनेला विसंगत नसलं की पुरे.

आईचं श्राद्ध तुम्ही करा. बाबांना पिंडदान करता येणार नाही, पण पानावर बसायला कोण अडवतंय? आणि 2 नोव्हेंबरला आम्ही मृतांचा दिवस पाळतो. त्या दिवशी, किंवा कधीही, आईसाठी मिस्सा ठेवता येते. त्या ख्रिस्ती नव्हत्या याने काही अडत नाही.

नर्मदाजल | 20 सप्टेंबर, रात्री 9:30

पाटील, विचारलं. तीनदा परत पाठवलं म्हणे. पहिल्यांदा फादर म्हणाले, "अंकल, आते रहिए, जल्दी क्या है." दुसऱ्यांदा मार्कचं शुभवर्तमान हातात दिलं आणि वाचून या म्हणाले. तिसऱ्यांदा विचारलं, "बेटी को बताया?" बाबा गप्प. "तो पहले बेटी को बताइए." म्हणून ती अनंत चतुर्दशी.

म्हणजे मला जे कळलं ते फादरच्या कृपेने. हसावं का रडावं.

तळ्याकाठचा | 20 सप्टेंबर, रात्री 10:05

पाटील प्रक्रिया फार छान सांगतात, पण मूळ प्रश्न कुणी विचारत नाही. सात पिढ्यांचं दैवत असताना माणूस उठून दुसरीकडे का जातो? विठ्ठल कमी पडला का? धर्मांतर म्हणजे राष्ट्रांतर असं सावरकर म्हणून गेलेत ते उगाच नाही. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला गाठायचं, गोड बोलायचं, ही जुनी पद्धत आहे. ताई, रागावू नका, पण तुम्हीही दीड वर्ष पोहेच खाल्लेत.

संपादक | 20 सप्टेंबर, रात्री 10:20

व्यक्तिगत टीका नको. धागा माहितीचा आहे, तसाच राहू द्या.

नर्मदाजल | 21 सप्टेंबर, दुपारी 2:10

तळ्याकाठचा, नाही रागावले. शेवटचं वाक्य लागलं, कारण खरं आहे.

विठ्ठलाचा प्रश्न मी याच शब्दांत विचारला होता. बाबा म्हणाले, "तो कशाला कमी पडेल? मीच कधी गेलो नाही त्याच्याकडे. वारीला तुझी आजी जायची, मी तिला स्टेशनवर सोडायला जायचो."

आणि "का" याचं त्यांनी जे सांगितलं ते असं. 2017 च्या नोव्हेंबरात इंदुरात सिस्टर राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा पेपरात सगळी हकिकत आली होती. उदयनगरच्या बाजूला आदिवासींना सावकारीतून सोडवायचं काम करायच्या. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरला येताना भर बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. ज्याने मारलं त्या समंदर सिंगला त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन राखी बांधली. घरच्यांनी माफ केलं, 2006 मध्ये तो सुटला. बाबांनी ते कात्रण पासबुकाच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलंय. आई तेव्हा होती, तिलाही वाचून दाखवलं होतं. म्हणजे हे एकटेपणातून आलं असं मला तरी वाटत नाही. सात वर्षं शिजत होतं.

त्या कात्रणाचा आमच्या घरातल्या एका गोष्टीशी संबंध आहे, ते नंतर कधीतरी.

काळा_कोट | 21 सप्टेंबर, सायंकाळी 6:45

इंदूर खंडपीठात वकिली करतो, म्हणून कायद्यापुरतं.

मध्य प्रदेशात पहिला कायदा 1968 चा. त्याला आव्हान गेलं ते फादर स्टॅनिस्लॉस यांचं प्रकरण. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, राज्यघटनेच्या कलम 25 मधला "प्रचार" म्हणजे आपला धर्म समजावून सांगणं, दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात येत नाही. स्वतःच्या मनाने धर्म निवडणं मात्र प्रत्येकाचं स्वतःचं. आता लागू आहे तो 2021 चा धार्मिक स्वातंत्र्य अधिनियम. त्याच्या कलम 10 प्रमाणे धर्म बदलू इच्छिणाऱ्याने 60 दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे घोषणापत्र द्यायचं की जबरदस्ती, प्रलोभन वगैरे काही नाही. विधी करणाऱ्या धर्मगुरूनेही 60 दिवस आधी वेगळी सूचना द्यायची. ती चुकली तर तुरुंगाची टांगती तलवार धर्मगुरूवर आहे. आणि धर्मांतर बेकायदा नव्हतं हे सिद्ध करायचं ओझं आरोपीवर. फादर तीनदा परत का पाठवतात यामागे अध्यात्म असेल, थोडा हा कायदाही असेल.

नोव्हेंबर 2022 मध्ये जबलपूरच्या उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात कलम 10 प्रथमदर्शनी घटनाबाह्य म्हटलंय. तो आदेश मुख्यतः राजीखुशीने लग्न करणाऱ्या सज्ञान जोडप्यांच्या संदर्भात होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, स्थगिती मिळाली नाही. तरी माझा सल्ला सरळ आहे: फॉर्म भरा, पोच घ्या, दोन झेरॉक्स ठेवा.

वारशाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण लोक हमखास विचारतात. बाबा ख्रिस्ती झाल्यावर त्यांच्या संपत्तीला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. त्यात तुम्ही हिंदू राहिल्यात म्हणून मुलीचा हक्क जात नाही.

व्हाइट_चर्चवाली | 22 सप्टेंबर, सकाळी 11:00

विषयाला जोडून विचारते. मी प्रोटेस्टंट, व्हाइट चर्चची. नवरा कॅथलिक. मी गेले तर मला पुन्हा पाण्यात घालणार का? माझ्या आजीला हे सहनच होणार नाही.

पापडीचा_पाटील | 22 सप्टेंबर, दुपारी 1:20

अजिबात नाही. पाणी आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा या नावांनी झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानतं आणि तो एकदाच होतो. तुम्हांला विश्वासाची जाहीर कबुली, दृढीकरण आणि कम्युनियन, बस. मात्र त्याआधी पापनिवेदन करावं लागेल. नर्मदाजलच्या बाबांना ते नाही, कारण बाप्तिस्म्यानेच मागची सगळी पाटी पुसली जाते. आणि लग्नासाठी कॅथलिक व्हावंच लागतं ही पसरलेली समजूत चुकीची आहे. बाप्तिस्मा न झालेल्या माणसाशीही बिशपांची सूट घेऊन चर्चमध्ये लग्न लागतं. मी लग्नाच्या तारखेसाठी आलेल्या मुलामुलींना सरळ सांगतो, आधी सूट घ्या, लग्न करा, मग दोन वर्षांनी वाटलं तर या. बहुतेक परत येत नाहीत. चालतं.

बडोदेकर_जुना | 22 सप्टेंबर, रात्री 11:30

मी अर्ध्यातून परत आलेला माणूस आहे, म्हणून लिहितो. इथे अशी बाजू कुणी मांडणार नाही.

1998 ची गोष्ट. मी तेव्हा बडोद्यात फतेहगंजला भाड्याने राहायचो. एका मित्रामुळे चर्चमध्ये जाऊ लागलो, दीक्षार्थी झालो, कानाडोळ्यांवर क्रूस झाला. दर गुरुवारी संध्याकाळी एक म्हाताऱ्या सिस्टर शिकवायच्या. तोडकंमोडकं गुजराती, त्यात मधूनच मल्याळम. आम्ही तिघं होतो. चालीसा सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधी त्यांनी एकेकाला वेगळं बोलावून विचारलं, "तू नक्की आहेस का?" मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, "तू येशूकडे बघून हो नाही म्हणालास, माझ्याकडे बघून म्हणालास. अजून एक वर्ष थांब."

मला अपमान वाटला. गेलो तो गेलोच. कुणी मागे आलं नाही, फोन आला नाही, पत्र नाही. तेव्हा वाटलं, बघा, यांना माणसाची किंमतच नाही. आता वाटतं बाईंनी बरोबर ओळखलं होतं. आजही मी हिंदूच, रविवारी संध्याकाळी मंदिरात भजनाला तबला धरतो. पण खोटं "हो" म्हणायची वेळ कुणी माझ्यावर येऊ दिली नाही, हे 26 वर्षांनी पहिल्यांदा कुठेतरी लिहून राहिलोय.

(गुजरातेत तेव्हा कायदाच नव्हता, तो 2003 मध्ये आला. आणि आमच्याकडे नुसतं कळवून भागत नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. काळा_कोट, चुकलो तर सांगा.)

काळा_कोट | 23 सप्टेंबर, सकाळी 9:05

नाही चुकलात.

नर्मदाजल | 2 डिसेंबर 2024, रात्री 10:15

बऱ्याच दिवसांनी. काल बाबांचा तो दाराशी उभं राहायचा विधी झाला. मी गेले होते. दाराबाहेरच, चपलांच्या ढिगाशेजारी उभी होते. म्हटलं, आत नको, बाहेर तर बाहेर.

धर्मपिता म्हणून एक निवृत्त कंपाउंडर आहेत, बाबांहून दोन वर्षांनी लहान. ते बाबांना "भाईसाहब" म्हणतात. फादर एकेक अवयव म्हणत आणि हे गृहस्थ अंगठ्याने क्रूस काढत. कपाळ झालं. कानावर अंगठा आला तसं बाबांचं श्रवणयंत्र कुईं करून ओरडलं. अख्खं चर्च वळून बघू लागलं. धर्मपिता घाबरून मागे सरले. बाबांनी शांतपणे यंत्राचा आवाज कमी केला आणि स्वतःच मान पुढे केली. मला हसू आवरेना, तोंडात पदर कोंबला. शेजारी एक नर्स मुलगी उभी होती, तिचाही विधी होता, तीही फुटली.

पाटील, तुमच्या विधीच्या पुस्तकात आहे की प्रवचनानंतर दीक्षार्थींना बाहेर पाठवतात. इथे नाही पाठवत. बाकावर बसून राहतात, सगळे परमप्रसादाला रांगेत जातात तेव्हा हे जागेवर. बाबा म्हणतात तीच वेळ सगळ्यांत अवघड. "पंगतीत बसून पान वाढलेलं नाही" असं म्हणाले.

राजवाडा_चौक | 2 डिसेंबर, रात्री 10:31

श्रवणयंत्राचाही विधी करून टाका काका.

नर्मदाजल | 10 मार्च 2025, रात्री 9:50

फॉर्म फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात दिला. खिडकीवरच्या बाबूने विचारलं, "किसी ने लालच दिया?" बाबा म्हणाले, "पेन्शन आती है साहब, लालच की उमर में किसी ने पूछा नहीं." बाबूला आवडलं नसावं, पण पोच दिली. झेरॉक्स तीन काढल्या.

काल लाल चर्चमध्ये बिशपांपुढे नावं लिहायची होती. एका मोठ्या वहीत प्रत्येकाने स्वतःच्या हाताने. पस्तीस वर्षं लोकांच्या सह्या नमुन्याशी ताडून बघणारा माणूस. त्यांची स्वतःची सही म्हणजे एक वेटोळं आणि खाली रेघ. काल त्यांनी देवनागरीत पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, शाळेतल्यासारखं अक्षर काढून. मागे रांग खोळंबली होती.

तळ्याकाठचा | 24 मार्च, सकाळी 8:10

मी हा धागा सोडलेला नाही. एक शंका. ते तपासणीचे विधी म्हणजे भूत उतरवणं असतं असं वाचलं. खरं का?

पापडीचा_पाटील | 24 मार्च, दुपारी 12:00

त्यात दुष्टापासून सोडवण्याची प्रार्थना असते हे खरं, पण सिनेमातलं काही नाही. फादर प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून काही क्षण गप्प उभे राहतात. त्या तीन रविवारी योहानाच्या शुभवर्तमानातल्या तीन गोष्टी वाचतात: विहिरीवरची शोमरोनी बाई, जन्मांध, आणि मेलेला लाजर. वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं आणि यंदा वेगळं चक्र चालू आहे, तरी दीक्षार्थी असले की हीच घेतात. तहान, आंधळेपण, मरण. चाळीस दिवसांत माणसाला स्वतःत बघायला एवढं पुरतं.

नर्मदाजल | 31 मार्च 2025, रात्री 11:20

ती घरातली गोष्ट. बाबा आणि धाकटे काका एकोणीस वर्षं बोलत नाहीत. रामबागेतल्या घराचा मागचा भाग. आईच्या दहाव्याला काका आले, गेटपाशी उभे राहिले, गेले.

फादरनी यावर अवाक्षर काढलेलं नाही. क्लासमध्ये मत्तयाचा पाचवा अध्याय चालू होता: वेदीवर दान द्यायला आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी भावाकडे जा. बाबा घरी आले, चहा झाला, आणि फोन लावला. स्पीकरवर, कारण ऐकू येत नाही. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू ख्रिश्चन झालास म्हणून माझा हिस्सा वाढतो का?"

काळा_कोट | 31 मार्च, रात्री 11:41

नाही वाढत.

नर्मदाजल | 31 मार्च, रात्री 11:44

बाबांनीही हेच सांगितलं. मग दोघं हसले. घराचा तिढा जिथल्या तिथे आहे, पण काल काका येऊन जेवून गेले. आमटी आंबट झालीय म्हणाले.

नर्मदाजल | 20 एप्रिल 2025, दुपारी 4:30

झालं काल रात्री. सविस्तर लिहिते, पाटील आणि बडोदेकरांनी मागितलंय म्हणून.

रात्री साडेदहाला सुरुवात, चर्चचे सगळे दिवे बंद. अंगणात शेकोटी पेटवलेली, आणि एप्रिलातलं इंदूर, त्यामुळे लोक त्या आगीपासून चार हात लांब. फादरनी हातभर उंचीच्या मेणबत्तीवर क्रूस कोरला, वर-खाली ग्रीक अक्षरं, आणि चार कोपऱ्यांत 2, 0, 2, 5. ती पेटवून काळोखात आत नेतात, तिच्यावरून प्रत्येकाची छोटी मेणबत्ती लागत जाते. शेजारच्या अनोळखी बाईने माझ्या हातात एक दिली. घ्यावी की नाही असा प्रश्न पडायच्या आत पेटली होती.

मग जुन्या करारातली वाचनं, सृष्टी उत्पन्न झाल्यापासून. तांबडा समुद्र दुभंगेपर्यंत मी जागी होते, मग डुलकी. घंटांनी जागी झाले. एकाएकी दिवे लागले आणि सगळ्या घंटा एकदम.

संतांची नामावळ सुरू झाली. एकेक नाव आणि लोकांचं "हमारे लिए प्रार्थना कर". विष्णुसहस्रनामाला बसल्यासारखं वाटलं, अर्थ सुटतो आणि ताल राहतो. मग तिघांना पुढे बोलावलं: बाबा, ती नर्स मुलगी, आणि एक रिक्षावाला. सैतानाचा त्याग करता का, असं तीनदा विचारतात. बाबांचं "जी हाँ" जरा मोठ्याने गेलं, ऐकू कमी येणाऱ्यांचं जातं तसं.

पाण्यापाशी जाताना ते थांबले, मागे वळले आणि मला हाताने बोलावलं. मी मागच्या बाकावर. सगळ्यांच्या देखत पुढे जावं लागलं. त्यांनी श्रवणयंत्र काढून माझ्या हातावर ठेवलं. पाण्यात खराब होईल म्हणून. बाईस हजारांचं आहे.

म्हणजे फादर "पिता, और पुत्र, और पवित्र आत्मा के नाम पर" म्हणाले ते बाबांना ऐकूच आलं नाही. मला आलं. तीनदा पाणी ओतलं, मानेवरून सदऱ्यात गेलं, आणि माझ्या मुठीत ते यंत्र कुईं कुईं करत होतं.

नंतर कंपाउंडर काकांनी खांद्यावर पांढरं उपरणं घातलं, मेणबत्ती हातात दिली. कपाळावर क्रिस्म तेल. ऑलिव्हचं तेल आणि त्यात सुगंधी बाल्सम, बिशप वर्षातून एकदा आशीर्वाद देऊन ठेवतात म्हणे. वास घरी येईपर्यंत होता. उशीच्या अभ्र्याला डाग पडलाय, धुवायला टाकू देत नाहीत.

परमप्रसादाच्या रांगेत ते शेवटून दुसरे होते. मी बसून होते. पंगतीत बसून पान न वाढलेली काल मी.

दोन वाजता घरी. बाबा म्हणाले भूक लागली. सकाळचा भात होता, फोडणीचा केला.

बडोदेकर_जुना | 20 एप्रिल, सायंकाळी 6:02

वाचलं. दोनदा वाचलं.

तळ्याकाठचा | 20 एप्रिल, रात्री 8:15

माझं मत बदललेलं नाही. तुमच्या बाबांना नमस्कार सांगा.

नर्मदाजल | 21 एप्रिल 2025, रात्री 9:10

आज दुपारी बातमी आली, पोप फ्रान्सिस गेले. बाबा टीव्हीसमोर बसून आहेत. "दीडच दिवस लाभले मला," म्हणाले.

पापडीचा_पाटील | 21 एप्रिल, रात्री 9:45

आम्हीही सगळे सुन्न आहोत. तुमच्या बाबांना सांगा, आता पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे 8 जूनपर्यंत, नवख्रिस्त्यांचा वेगळा काळ असतो. जे झालं ते आता हळूहळू समजावून घ्यायचं. आधी विधी आणि मग उलगडा. या काळात बहुतेकांना "आता पुढे काय" असा रितेपणा येतो. आला तर एकटं सोडू नका.

नर्मदाजल | 9 जून 2025, सकाळी 10:00

रितेपणा आला होता, मेच्या मध्यावर. फादरनी ओळखलं असावं. रविवारच्या दानपेटीचे पैसे मोजायला बसवलं. दोघांनी मोजायचं, दोघांनी सही करायची. पहिल्याच रविवारी बाबांनी दोनशेची एक नकली नोट पकडली. आता एकदम खूश आहेत. रजिस्टरचे रकाने नव्याने आखलेत.

नर्मदाजल | 28 ऑगस्ट 2025, रात्री 10:40

काल गणपती माझ्याकडे बसला. बाबा सकाळीच तांदळाचा डबा घेऊन आले, पाटावर स्वतः पसरून दिले आणि बाहेर ओट्यावर जाऊन पेपर वाचत बसले. आरती आम्हीच केली. मंत्रपुष्पांजलीत दुसऱ्या ओळीनंतर माझी आणि मुलाची गाडी अडली, दोघंही एकमेकांकडे बघतोय. ओट्यावरून पुढची ओळ आली. पेपर खाली न ठेवता.

तळ्याकाठचा | 28 ऑगस्ट, रात्री 10:52

मोदक उकडीचे की तळलेले?

नर्मदाजल | 28 ऑगस्ट, रात्री 10:55

तळलेले. उकडीचे आईला जमायचे. बाबांनी सात खाल्ले.